गाडी मागून उचलली, आता ६० च्या पुढे थरथरते: पाटे, ठोकळे की जॉइंट?

यावलचा फिरस्ता · रविवार, रात्री ९:४०

राम राम मंडळी. गाडी फोर बाय फोर डबल केबिन पिकअप, २०१८ चं मॉडेल, ९४ हजार किलोमीटर. आठवडाभर शेतात, सुट्टीच्या दिवशी पाल नाहीतर मनुदेवीकडे. पावसाळ्यात आमच्या शिवारातली काळी माती ओली झाली की चाकोरीच्या मधल्या वरंब्याला पोट टेकतं. म्हणून तीन महिन्यांपूर्वी गाडी उचलून, म्हणजे उंच करून घेतली. पुढे दोन इंचाचे स्पेसर, मागे हाउसिंग (मागचा एक्सल) आणि पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) मध्ये तीन इंचाचे लोखंडी ठोकळे. पाटे हाउसिंगला आवळणारे यू-बोल्ट नवे, लांब. शॉकअप जुनेच. टायर कंपनीच्याच मापाचे.

आता तक्रारी ऐका. ६० ते ७५ च्या दरम्यान रेस दिली की सीटखालून थरथर येते, पाय काढला की लगेच गायब. जागेवरून सुटताना मागे 'धप्प' असा आवाज. गाडी सपाट जागी उभी करून मागून पाहिली तर डावी बाजू बसकी दिसते. आणि रिकाम्या गाडीत स्पीडब्रेकर ओलांडला की चाक खाली जाताना 'टक्क' होतं, मागे बसलेल्याचं डोकं छताला लागतं ते वेगळंच. बाईसाहेब आता गाडीत बसायला तयार नाहीत.

काम करणारा म्हणतो टायर बॅलन्सिंग करा. दोनदा केलं. आता म्हणतो टायर बदला.

चोपडेकर · रविवार, रात्री १०:०५

कसाले उचली भो?

यावलचा फिरस्ता · रविवार, रात्री १०:११

वर लिहिलंय ना भाऊ, वरंब्याला पोट टेकतं.

शहादा फोर बाय फोर · रविवार, रात्री १०:३८

पोट म्हणजे नक्की काय टेकत होतं? ठोकळे टाकले की चेसिस, टाकी, पायदान वर जातं. हाउसिंगची मुंडी, म्हणजे मधला फुगीर गोळा, जिथे होती तिथेच राहते, कारण ती चाकांना धरून आहे. वरंब्याला आधी मुंडीच घासते आणि तिला वर न्यायचं तर मोठे टायर हाच एक मार्ग. मी तोरणमाळ, चांदसैली दोन्ही घाट कंपनीच्या उंचीच्या गाडीने केलेत. असो, झालं ते झालं. पण टायर बदलू नकोस अजून.

धुळे ते कन्नड · रविवार, रात्री ११:०२

सेंटर बेअरिंग, म्हणजे जॉइंटला (गिअरबॉक्सपासून मागे हाउसिंगपर्यंत जाणाऱ्या फिरत्या दांड्याला) मधे धरणारं बेअरिंग, गेलं असणार. माझ्या गाडीला असंच झालं होतं. बदललं, गप्प झाली. नवीन घाल, झोप शांत.

पाटेवाले नाना · सोमवार, सकाळी ६:२०

बेरिंग गेलं 'असणार' म्हणून बदलायचं, मग क्रॉस (जॉइंटचा वाकणारा सांधा) गेला 'असणार' म्हणून बदलायचा. अशाने अर्धी गाडी नवी होते आणि थरथर जुनीच राहते.

मी धुळ्याला हायवेवर चाळीस वर्षं पाटे मारले. आधी वडिलांच्या हाताखाली, भट्टीवर. ट्रक असो की तुमची ही शौकाची गाडी, लोखंड तेच. भाऊ, तू चार गोष्टी मोजून आण, मग बोलू. गाडी सपाट फरशीवर, चारही चाकं जमिनीवर, डिझेल अर्धी टाकी, हौद्यात नेहमी असतं तेवढं सामान. जॅकवर चढवून मोजलेलं मला सांगू नकोस. जॅकवर हाउसिंग लोंबतं, सगळे कोन खोटे येतात.

मोजायचं काय? पुढच्या चाकाच्या मधापासून मागच्या चाकाच्या मधापर्यंत अंतर, डावीकडे आणि उजवीकडे. शॉकअपची दोन्ही डोळ्यांमधली (टोकांच्या कड्यांमधली) लांबी. जॉइंटच्या दोन्ही तुकड्यांचा उतार आणि पिनियनचा, म्हणजे जॉइंट हाउसिंगला जिथे जोडला जातो त्या नाकाचा उतार. आणि ठोकळ्याची उंची, पुढून वेगळी आणि मागून वेगळी.

यावलचा फिरस्ता · सोमवार, सकाळी ८:१५

नाना, ठोकळा पुढून आणि मागून वेगळा असतो का? चौकोनीच आहे की.

पाटेवाले नाना · सोमवार, सकाळी ८:३१

डोळ्याला चौकोनी. पट्टी लाव.

गिरणाकाठ · सोमवार, दुपारी १:२०

मी मेकॅनिकल शिकवते, म्हणून थोडी फळ्यावरची भाषा चालवून घ्या.

टायरचा दोष असता तर तो रेस दिल्या-सोडल्याने जाग्यावर आला-गेला नसता. बॅलन्स बिघडलेलं चाक पाय कुठे आहे ते बघत नाही. शिवाय आकडा पाहा. पिकअपच्या टायरचा घेर साधारण २.४ मीटर. ६५ च्या वेगाला सेकंदाला १८ मीटर, म्हणजे चाकाच्या साडेसात फेऱ्या. टायरची धडधड सेकंदाला सात-आठ वेळा जाणवते, जवळजवळ मोजता येते. जॉइंट मात्र चाकाच्या चौपटीच्या आसपास फिरतो, तीस फेऱ्या. आणि त्यातला क्रॉस वाकलेल्या कोनात फिरत असेल तर क्रॉसच्या पलीकडचा तुकडा एका फेरीत दोनदा घाई करतो, दोनदा रेंगाळतो. म्हणजे सेकंदाला साठ झटके. ते मोजता येत नाहीत, ती गुणगुण होते. तुम्ही लिहिलेली 'थरथर' यातली कुठली?

गाडीत दोन क्रॉस समोरासमोर ठेवलेले असतात ते एवढ्यासाठीच. पहिल्याने केलेली घाई दुसरा तेवढ्याच कोनात उलटी खोडतो. मधल्या क्रॉसचा कोन आणि पिनियनजवळच्या क्रॉसचा कोन सारखा राहिला तर तुम्हाला काही कळतही नाही. तीन अंशांच्या आत राहिला तर उत्तम. शून्यही नको बरं का, क्रॉसच्या आतल्या सुया मग एकाच जागी घासून खड्डे पाडतात.

नानांनी उतार मोजायला सांगितलाय तो या कारणाने. लोहचुंबकाचं डिजिटल अँगल मीटर मिळतं, ते घ्या. नसेल तर मोबाइलमधलं चालेल, फक्त कव्हर काढून.

यावलचा फिरस्ता · सोमवार, दुपारी १:४४

ताई, गुणगुणच. डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्ती पण हळूहळू तोंड फिरवते.

फिटनेस · सोमवार, सायंकाळी ५:०९

सगळे पाट्यांत घुसलेत म्हणून एक आठवण. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे अगदी स्पष्ट केलंय. कलम १८२अ खाली मालकाला एकेका बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढचे स्पेसर एक, मागचे ठोकळे दोन, असं मोजायला बसलं की बघा.

चोपडेकर · सोमवार, सायंकाळी ५:१५

आला बाबा पासिंगवाला.

फिटनेस · सोमवार, सायंकाळी ५:२२

हसा. विम्याच्या सर्व्हेअरसमोर हसून दाखवा.

यावलचा फिरस्ता · सोमवार, सायंकाळी ५:४०

साहेब, मान्य. आज गाडी अशी आहे आणि रोज रस्त्यावर आहे. ती आधी सुरक्षित तरी करू दे.

यावलचा फिरस्ता · मंगळवार, रात्री ९:५५

मोजलं. भाच्याला सोबत घेऊन दीड तास गाडीखाली. ४३ अंश तापमानात गेलो नाही, संध्याकाळी ऊन उतरल्यावर गेलो.

चाकांमधलं अंतर उजवीकडे डावीपेक्षा १२ मिलिमीटर जास्त. तीनदा मोजलं, तेच.

शॉकअप: उभ्या गाडीत डोळ्यापासून डोळ्यापर्यंत ५३०. एक खोलून पूर्ण ओढला तर ५६०, पूर्ण दाबला तर ३४०.

उतार, सगळे मागच्या बाजूला उतरते: गिअरबॉक्सचं तोंड साडेतीन अंश, जॉइंटचा पुढचा तुकडा तीन, मागचा तुकडा नऊ, पिनियन एक.

आणि नाना, ठोकळा चौकोनी नाही. एका बाजूने ७५, दुसऱ्या बाजूने ७३ पण नाही. जाड बाजू पुढे आहे, केबिनकडे. दोन्हीकडे तसंच.

गिरणाकाठ · मंगळवार, रात्री १०:१८

मधल्या क्रॉसचा कोन नऊ वजा तीन, सहा. पिनियनजवळचा नऊ वजा एक, आठ. दोन्ही मोठे, आणि वर सारखेही नाहीत. तुमची गुणगुण सापडली.

पाटेवाले नाना · बुधवार, सकाळी ६:०५

ठोकळे उलटे बसवलेत.

तुझ्या गाडीत पाटा हाउसिंगच्या वर आहे ना? मग पाचरीची जाड बाजू मागे यायला पाहिजे, म्हणजे पिनियनचं नाक वर उठतं आणि जॉइंटकडे बघतं. जाड बाजू पुढे ठेवली की नाक खाली जातं. त्याने दोन्ही बाजूला पुढे ठेवली, म्हणजे चुकून नाही, त्याला माहीतच नव्हतं. पाटा हाउसिंगच्या खालून जाणाऱ्या गाडीत हेच उलट असतं, तिथे जाड बाजू पुढे. तशा गाड्यांवर हात बसलेला माणूस असेल.

दोन अंशांची पाचर दिसतेय. उलटी होती म्हणून तीनाचा एक झाला. सुलटी केली की पाच होईल.

आता १२ मिलिमीटरचं. ठोकळ्याखाली जी पिन असते ती हाउसिंगच्या बैठकीच्या भोकात घट्ट बसली पाहिजे. वरच्या भोकात पाट्याच्या सेंटर बोल्टची टोपी. माझी खात्री आहे की पिन बारीक आणि भोक मोठं आहे. यू-बोल्ट आवळताना हाउसिंग जिकडे सरकलं तिकडे राहिलं. गाडी जरा तिरकी चालत असेल तुझी, कुत्रं पळतं तशी. मागून येणाऱ्याला विचार.

शॉकअपचं हिशोबाने बघ. उभ्या गाडीतच तो ५३० वर, आणि संपतो ५६० ला. चाकाला खाली जायला तीस मिलिमीटर. मग टक्क नाही होणार तर काय. तो टक्क म्हणजे शॉकअप हाउसिंगला लोंबकळत धरतोय, त्याची कडी तुटेल एक दिवस.

शहादा फोर बाय फोर · बुधवार, सकाळी ९:३०

नाना, जॅकवर काही मोजायचं नाही म्हणालात पण एक गोष्ट जॅकवरच बघावी लागते. चेसिसला घोड्या लावून हाउसिंग पूर्ण लोंबू दे आणि मागचा ब्रेकचा रबरी पाइप बघ. ताणून तारेसारखा झाला असेल तर आधी तो. हँडब्रेकची केबलही. आणि चेसिसपासून हाउसिंगला जोडलेली बारीक दांडी असेल तर तो भाराप्रमाणे मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह आहे. चेसिस वर गेली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. भरलेल्या गाडीत घाट उतरताना हे जिवावर बेततं. दांडीचा कंस तेवढाच सरकवून घे.

पाटेवाले नाना · बुधवार, सकाळी ९:४१

बरोबर बोललास. हे मी विसरलो होतो.

केळीगाडी · बुधवार, दुपारी २:५०

दुसऱ्याच्या धाग्यात घुसतो, माफ करा. माझी छोटी पिकअप, सावद्याच्या बाजूला केळी वाहतो. शेतातून पॅकिंगपर्यंत. भर जास्त यायचा म्हणून दोन पाटे वाढवून घेतले. आता भरलेली असो की अर्धी, गाडी दगडासारखी. व्यापारी म्हणतो घडाला डाग पडतात, फण्या घासून काळ्या होतात. पाटे वाढवल्याने असं होतं का?

पाटेवाले नाना · बुधवार, दुपारी ४:१०

होतं. मागच्या टोकाला पाटा ज्या कडीला लटकतो ती शॅकल बघ. भर आला की पाटा सरळ होतो आणि सरळ झाला की लांब होतो. ती लांबी मागे ढकलायला शॅकलला जागा लागते, म्हणून रिकाम्या गाडीत तिचं खालचं टोक मागच्या बाजूला झुकलेलं चांगलं. दोन पाटे वाढवून तू कमान इतकी ताणलीस की पाटा आखूड झाला आणि शॅकल पुढे ओढली गेली असणार. आता भर आला की ती मागे जायच्या ऐवजी अडकते. पाटा लवतच नाही, सगळा हादरा हौद्यात.

एक पाटा काढ. जो ठेवशील तो वरच्या पाट्यांना चिकटून नको, हेल्परसारखा खाली मोकळा ठेव, भर आल्यावरच टेकेल असा. अर्ध्या भरात गाडी मऊ राहील. आणि भर जास्त यायचा म्हणतोस, तो कमी कर हेही सांगतो. पाटे वाढवले म्हणून एक्सल, बेरिंग आणि ब्रेक वाढत नाहीत.

केळीगाडी · बुधवार, दुपारी ४:२५

शॅकल पुढेच झुकलीय नाना. आत्ता बघून आलो.

यावलचा फिरस्ता · शनिवार, रात्री १०:४८

काम झालं, पण तीनदा खोलावं लागलं. दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली, स्वतः उभा राहिलो.

यू-बोल्ट काढले तिथेच पहिला धक्का. नट एकदम घट्ट लागत होते, पण बोल्टची आटीच तिथे संपत होती. म्हणजे नट आटीच्या टोकाला जाऊन अडकला होता, ठोकळ्याला दाबतच नव्हता. पान्याला घट्ट, गाडीला ढिला. सुटताना जो 'धप्प' व्हायचा त्यातला अर्धा तरी इथला. नवे यू-बोल्ट मापाने, आटी पुरेशी खालपर्यंत असलेले करून घेतले. जुने परत वापरू नका असं मिस्त्रीनेच आपणहून सांगितलं, तिथेच मला माणूस पटला.

पिन नाना म्हणाले तशीच. भोकात खुळखुळत होती. लेथवर तिला बाहेरून बुश चढवून घट्ट केली. आता दोन्ही बाजूचं अंतर दोन मिलिमीटरच्या फरकात.

डावी बाजू बसकी का, ते मात्र कोणी ओळखलं नव्हतं. डावा संच खोलला तर तिसरा पाटा सेंटर बोल्टच्या भोकापाशी आडवा तडकलेला. वरून प्लेटखाली झाकलेला, नुसती गंजाची बारीक रेघ. तो बदलला, उजवीकडचाही जोडीने बदलला.

ठोकळे सुलटे केले. थरथर ७५ टक्के गेली. पण पूर्ण नाही, आणि नवीनच म्हणजे पहिल्या गिअरमध्ये सुटताना हलकी गुरगुर.

गिरणाकाठ · शनिवार, रात्री ११:०६

अपेक्षित होतं. पिनियन पाच झालं म्हणजे तिथला कोन चार, मधला अजून सहाच. मधलं बेअरिंग खाली घ्यावं लागेल. त्याच्या कंसात आणि चेसिसमध्ये पट्टी टाकून. पंचवीस मिलिमीटरने सुरुवात करा.

पाटेवाले नाना · रविवार, सकाळी ६:३०

पट्टी लोखंडी घाल, वायसरांची चळत नको. आणि जॉइंट खोलशील तर आधी सेंटर पंचने दोन्ही तुकड्यांवर खूण कर. दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत होते तसेच परत आले पाहिजेत. एक दात सरकला तर ताईंचा सगळा हिशोब वाया.

यावलचा फिरस्ता · मंगळवार, सायंकाळी ७:५०

पंचवीसची पट्टी टाकली. मोजले: पुढचा तुकडा पाच, मागचा पावणेआठ, पिनियन पावणेपाच. म्हणजे मधला कोन पावणेतीन, मागचा तीन.

गिरणाकाठ · मंगळवार, रात्री ८:०२

सुंदर. पिनियन किंचित खाली आहे ते चांगलंच. रेस दिली की पाटे थोडे पिळतात आणि नाक आपोआप वर उठतं, तेव्हा दोन्ही जुळतील. ठोकळ्याने हा पिळा वाढतो, कारण हाउसिंगला पाट्यापासून लांब दांडा मिळतो. म्हणून ठोकळ्यावर ठोकळा कधीच रचू नका.

यावलचा फिरस्ता · मंगळवार, रात्री ८:४०

ताई, आज भुसावळपर्यंत जाऊन आलो. ८० ला पण गणपती जागेवर.

शॉकअप लांब घेतले, उघडे ६३०, बंद ३८५. बंद लांबी का बघायची ते शहादावाल्या भाऊंनी फोनवर समजावलं: पाटा पूर्ण दाबून रबरी बंपस्टॉपला टेकायच्या आधी शॉकअपच बुडाला लागायला नको. बंपस्टॉपही तीन इंच खाली आणले. ब्रेकचा पाइप लांब केला. व्हॉल्व्हची दांडी होती, ती सरकवली.

एकच राहिलंय. मागे चालताना करकर आवाज येतो, खाटेसारखा.

पाटेवाले नाना · बुधवार, सकाळी ६:१२

पाट्याच्या डोळ्यांचे बोल्ट कुठे आवळले? जॅकवर ना?

यावलचा फिरस्ता · बुधवार, सकाळी ७:३०

हो. हात नीट पोहोचत होता म्हणून.

पाटेवाले नाना · बुधवार, सकाळी ७:४४

ढिले कर, गाडी जमिनीवर घे, हौद्यात दोन पोती टाक, दोन वेळा दाब आणि मग आवळ. रबरी बुश पिळलेल्या जागी पकडला गेलाय. तसाच ठेवलास तर महिनाभरात फाटेल. यू-बोल्ट शंभर किलोमीटरला परत तपास, मॅन्युअलमध्ये टॉर्क दिलाय तेवढाच. मग पाचशेला.

चोपडेकर · बुधवार, सकाळी ८:०१

नाना सकाळी सहाला उठून धागे वाचतात का भट्टी पेटवतात?

पाटेवाले नाना · बुधवार, सकाळी ८:०५

भट्टी पोराने घेतली. मला झोप येत नाही.

यावलचा फिरस्ता · बुधवार, रात्री ९:१५

करकर गेली. नाना, पुढच्या हिवाळ्यात धुळ्याला येतो, बामणोदची वांगी घेऊन. भरीत तुमच्याकडे, कळण्याची भाकरी माझ्याकडून.

केळीगाडी · बुधवार, रात्री ९:३०

मी पण येतो. एक पाटा काढलाय, शॅकल मागे झुकली. आज व्यापारी काही बोलला नाही.